ऑक्टाव्हिया आरएस घाटात हीट घेते : कामाच्या नोंदी, मार्च ते जून २०२४

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, कंपनीतून आली तेव्हा १५० पीएस. माझ्याकडे येईपर्यंत तीन मालक झालेले. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) आधीच्या मालकाने केलेला, आणि मागच्या दिवाळीत मी हौसेने पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) बसवला. मूळचा छोटा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात चाकाजवळ असतो, नवा मात्र बरोबर एसी कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या तोंडासमोर येतो. म्हणजे रेडिएटरला हवा आता तिसऱ्या नंबरवर मिळते. नोंदी त्या त्या रात्री लिहिल्यात, नंतर दुरुस्त केल्या नाहीत, त्यामुळे आधी छातीठोकपणे लिहिलेलं पुढे साफ चुकलेलं दिसेल. दिसू दे.

१० मार्च, रविवार

पुण्याहून साताऱ्याला निघालो, चौघं जण, एसी चालू, दुपारचे साडेबारा. खंबाटकी चढताना पुढे ट्रकची रांग, तिसऱ्या गियरमध्ये तीन हजार आरपीएमला चाललो होतो. नव्वदवर खिळा मारल्यासारखा असणारा तापमानाचा काटा अचानक हलला आणि बघता बघता लाल भागाच्या जवळ गेला. आधी कधी गरम झाली नव्हती. एसी बंद केला, हीटर फुल्ल केला (आतल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते), जागा मिळाल्यावर कडेला घेतली. गंमत म्हणजे इंजिन उकळतंय आणि हीटरमधून हवा येतेय कोमट. वाटलं आतली फ्लॅप अडकली असेल, तो विषय तिथेच सोडला.

बोनेट उघडून मी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीच्या झाकणाला हात घालणार एवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, झाकण नका उघडू, तोंड भाजून घ्याल." माणूस देवासारखा आला. पाऊण तास थांबलो, पाऊण लिटर बिसलेरी घातली, एसीशिवाय साताऱ्याला पोचलो. येताना बोगद्यातून येतो आपण, चढ कमी, काही झालं नाही.

१७ मार्च

सातशे रुपयांचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं) घेतलं, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसायला लागलं आणि पहिला धक्का बसला. डॅशबोर्डवरचा काटा खोटं बोलतो. म्हणजे बिघडलेला नाही, तो बनवलाच तसा आहे. या काळातल्या फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांमध्ये साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काहीही असलं तरी काटा नव्वदवरच दाखवतात, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून. काटा हलला म्हणजे ऑलरेडी उशीर झालेला असतो. म्हणजे "आधी कधी गरम झाली नव्हती" हे माझं वाक्यच बाद.

आजचे आकडे : सकाळी रिकाम्या रस्त्यावर ९५. स्वारगेटच्या सिग्नलला एसी लावून १०३. कात्रजचा जुना घाट चढताना ११०. घरी येऊन लगेच मोठ्या ॲल्युमिनियम रेडिएटरची ऑर्डर टाकली, परदेशातून, जाड कोअर (मधली जाळी), दोन रांगांचा, ३१,००० रुपये. डोक्यात एवढंच होतं की पॉवर वाढवली तर पाणी थंड करणारा डबाही मोठा पाहिजे.

२४ मार्च

रेडिएटर यायला वेळ आहे म्हणून हातातली कामं. मित्र म्हणाला कूलंट सेन्सर बदल, हा सेन्सर या गाड्यांत जातोच. बदलला, ६५० रुपये, फरक शून्य. मग बंपर उतरवला.

हे आधी करायला हवं होतं. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत वीस वर्षांचा महाराष्ट्र साठला होता. किडे, सावरीचा कापूस, उसाचं पाचट, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. या गाडीत पुढची अख्खी फ्रेम थोडी पुढे सरकवता येते, बोल्ट काढून त्यांच्या जागी एम ८ चे लांब आटे असलेले रॉड घातले की फ्रेम त्यावरून सरकते आणि मधे हात जातो. रॉड हार्डवेअरच्या दुकानात साठ रुपयांना मिळाले. धुताना प्रेशर वॉशर मारायचा मोह आवरा, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. बागेच्या पाइपने, इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, हळू. दोन तास गेले.

सिग्नलला १०३ चे १००. फुकटात तीन अंश.

१४ एप्रिल

पाडव्यानंतर तीन दिवसांनी रेडिएटर आला. कस्टम आणि हमाली धरून आणखी ११,८०० गेले. म्हणजे ४२,८००. बायकोला ३१ सांगितलंय.

दिसायला सुंदर. बसवायला भयाण. जुन्यापेक्षा जवळजवळ दोन बोटं जाड, त्यामुळे कंपनीचे दोन पंखे आणि त्यांचं श्राउड (पंख्यांभोवतीचं आवरण) मागे मावतच नाही, एका बाजूला अल्टरनेटर आडवा येतो, दुसऱ्या बाजूला टर्बोची हवा नेणारा बूस्ट पाइप. शनिवार-रविवार दोन दिवस घासाघीस केली, शेवटी श्राउड बाजूला ठेवलं आणि नाना पेठेतून दोन स्लिम पंखे आणले, ५,४०० ची जोडी. हे पंखे थेट कोअरमधून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार घालून बांधतात. हे करू नका. एक तर काडी फिन्स घासत राहते, आणि दुसरं आत्ता लिहितो.

संध्याकाळी स्वारगेट : १०८. आधी १०० होतं! नवा कोरा रेडिएटर आणि आठ अंश जास्त. रात्री जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल

सकाळी चहा पिताना उजेड पडला. श्राउड नसेल तर पंखा फक्त त्याच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे. वर पात्याच्या कडेने गरम हवा परत पुढे येते आणि तीच पुन्हा आत जाते. गाडी पळत असताना काही वाटत नाही, सिग्नलला मात्र अर्धा रेडिएटर शोभेला.

उदबत्ती लावून बघितलं (खरंच). पंख्यासमोर धूर आत जातो, कोपऱ्यात तसाच वर.

२१ एप्रिल

भोसरी एमआयडीसीत ओळखीच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये दीड मिलीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचं श्राउड बेंड करून घेतलं. मी पुठ्ठ्याचं माप नेलं होतं. कारागिराने ते बघितलं, काही बोलला नाही, स्वतः गाडीखाली जाऊन परत माप घेतलं. पुठ्ठा १२ मिलीने चुकला होता. मजुरीसकट ३,८००. चार ठिकाणी रबराच्या झडपा लावल्या, वेगात हवेच्या दाबाने उघडाव्यात म्हणून, नाहीतर पत्रा हवा अडवून धरतो.

सिग्नलला ९७. आता बरं. मग लगेच उत्साहात खंबाटकी, दुपारी एक वाजता, मुद्दाम एसी लावून : ११०.

कात्रजला जुन्या रेडिएटरवर ११०, इथे नव्यावर ११०. रस्ता वेगळा, चढ वेगळा, पण मनाला काय समजावणार.

२७-२८ एप्रिल

पुण्यात पारा चाळिशीच्या वर, टेस्टिंगला झकास.

आता हवा जाते कुठे ते बघायला लागलो. हवा आळशी असते, वाट मिळाली की बाजूने पळते. इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या मधे वर-खाली-बाजूला तीन-तीन बोटं फट होती, ग्रिलमधून आलेली निम्मी हवा रेडिएटरला टाळून इंजिनात घुसत होती. जाड फोम (जुन्या एसी डक्टवाल्याकडून, २५० रुपये) आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून सगळ्या फटी बुजवल्या.

दुसरं म्हणजे इंजिनखालचा प्लॅस्टिक ट्रे. तो माझ्या गाडीला नाहीच. आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये काढला असेल आणि परत लावलाच नाही, आपल्याकडे हे सर्रास चालतं, "साहेब, काही फरक पडत नाही". पडतो. ट्रे असला की गाडीखालून हवा सुसाट जाते आणि इंजिनातली गरम हवा मागून खाली ओढली जाते. नसला तर खालचीच हवा इंजिनात चढते आणि पुढून येणाऱ्या हवेला अडते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना ट्रे मिळाला, २,२००, एक कान तुटलेला. पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून लावला.

हायवेला शंभरच्या स्पीडला ९५ चे ९१. खंबाटकी ११० चे १०६. काटा हलला नाही, पण काट्यावर विश्वास ठेवायचे दिवस गेले. अजून कुठेतरी पाणी मुरतंय.

१ मे

सुट्टी. आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचं पहिल्यापासून एकच पालुपद : "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या हवेत लागतच नाही." (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप ती.) मी नको नको म्हणत होतो, आज हरलो. काढला.

हायवेला तापमान ६८-७० वरच. ऐकायला छान वाटतं ना? गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज साडेनऊवरून साडेसातवर, आणि शिरवळपर्यंत चेक इंजिनचा दिवा. एवढं करून घाटात १०५. फक्त उशिरा गेलं. म्हणजे थर्मोस्टॅट गुन्हेगार नव्हता.

नवीन ८७ अंशांचा आणला. लावण्याआधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून दोऱ्याने टांगला, बाजूला थर्मामीटर. ८६-८७ ला उघडायला लागला. पातेलं चहाचं होतं. नवीन थर्मोस्टॅट होता, कूलंट लागलेला नव्हता, तरी घरात जे व्हायचं ते झालं आणि आता ते पातेलं गॅरेजचं आहे.

४ मे

कूलंट काढला तर गुलाबी नाही, हिरवा नाही, चहासारखा तपकिरी. कुणीतरी कधीतरी कंपनीच्या गुलाबी जी-१२ कूलंटमध्ये बाजारातला हिरवा टॉपअप केलेला. हे दोन मिसळले की असा गाळ होतो. डिस्टिल्ड वॉटरने (बॅटरीवाल्याकडून कॅनने आणलं) चार वेळा फ्लश केलं, प्रत्येक वेळी गाडी गरम करायची, थंड व्हायची वाट बघायची, सोडायचं. अख्खा दिवस. काढलेला कूलंट गटारात सोडू नका आणि अंगणात उघडा ठेवू नका, चवीला गोड असतो आणि विषारी, कुत्री चाटतात.

परत भरताना ४० टक्के कूलंट, ६० टक्के पाणी. पुण्यात बर्फ पडत नाही आणि उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. पण नुसतं पाणी घालायचं नाही. उकळायचं तापमान कमी होतं, आणि आतलं ॲल्युमिनियम आणि बीडाचा ब्लॉक दोन्ही खातं.

हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेल्याची भीती होती म्हणून टाकीवर निळ्या पाण्याची टेस्ट केली. एक्झॉस्टचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. दहा मिनिटं बघत बसलो. निळंच राहिलं. पेढे वाटावेसे वाटले.

५ मे

आज टाकीचं झाकण उघडं ठेवून (गाडी थंड असतानाच उघडलं होतं) इंजिन तापू दिलं. वरच्या बारीक पाइपातून टाकीत पाण्याची धार यायला हवी. सुरुवातीला आली. गाडी ९५ ला गेल्यावर धार बारीक झाली, मग थेंब थेंब. रेस वाढवली तरी तेच. रेडिएटरचा खालचा होज हाताला नुसता कोमट, वरचा धरवत नाही.

आणि तेव्हा तो १० मार्चचा कोमट हीटर आठवला. फ्लॅप नव्हती अडकली. हीटरला गरम पाणी पोचतच नव्हतं. ज्या दिवशी गाडी तापली त्याच दिवशी तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

उस्तादांना फोन. ते म्हणाले, "मग पंपच. पण टायमिंग बेल्ट काढावा लागेल." या इंजिनात वॉटर पंप (कूलंट फिरवणारा) टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून कुणी त्याला सहज हात लावत नाही, मीही लावला नव्हता.

११-१२ मे

बेल्ट काढायला त्या बाजूचा इंजिन माउंट सोडावा लागतो, ऑईल संपखाली लाकडी फळी ठेवून जॅकवर इंजिन तोललं. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) हायड्रॉलिक आहे, त्यात एम ५ चा रॉड घालून नट अगदी हळू फिरवत तो दाबायचा असतो. घाई केली तर आतलं सील जातं. मी घाई करणार होतो, उस्तादांनी पाना काढून घेतला. खुणा पेंटने केल्या, तीनदा तपासल्या. या इंजिनात बेल्टचे दात चुकले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते आणि मग रेडिएटरचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

पंप हातात आला. प्लॅस्टिकचं इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), मधल्या बोअरला तडा. थंड असताना हाताने फिरवलं तर शाफ्टबरोबर फिरतं. उस्तादांनी ते उकळत्या पाण्यात (गॅरेजच्या पातेल्यात) दोन मिनिटं ठेवलं, परत फिरवलं. शाफ्ट फिरतोय, इम्पेलर जागच्या जागी. म्हणजे गाडी थंड असताना पंप चालू, तापली की पंप सुट्टीवर. याहून हुशार कामचुकार मी बघितलेला नाही. पंप मूळचा नव्हता, आधीच्या कुठल्यातरी मालकाने बदललेला, कुणाचा ते लिहीत नाही.

नवा पंप धातूच्या इम्पेलरचा, बेल्ट, टेन्शनर, रोलर सगळं किट १४,५००, मजुरी ६,०००. सोमवारी १३ ला मतदान, गॅरेज बंद, गाडी अर्धवट उघडी तिथेच.

१४ ते १७ मे

जोडली. कूलंटच्या पाइपांत एअर अडकली. पुढची चाकं रॅम्पवर चढवली, हीटर फुल्ल, वरचा होज दाबत बसलो, टाकीत बुडबुडे येत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाऊण लिटर खाली, परत भरलं, परत तेच. दोन दिवसांनी धार लागली. ९५ ला पण करंगळीएवढी.

हीटर लावला. चटका बसला. एवढा आनंद मे महिन्यात हीटरने कुणाला झाला नसेल.

१९ मे

खंबाटकी, दुपारी साडेबारा, चौघं नाही पण मागे दोन सिमेंटची पोती, एसी फुल्ल. ९९ च्या वर गेलं नाही. साताऱ्यात कंदी पेढे घेतले.

२३ मे

पार्किंगमध्ये गुलाबी डबकं. नव्या रेडिएटरच्या खालच्या नळीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर. आर्गन वेल्डिंगवाल्याने बघितलं, म्हणाला पत्रा तिथे फार पातळ आहे, मारतो पण गॅरंटी नाही. विकणाऱ्याला मेल केला, ते म्हणतात परत पाठवा, पाठवणावळ तुमची. पाठवणावळ १४ हजार.

गाडी सोमवारी लागणार होती, म्हणून नाइलाजाने जुना कंपनीचा रेडिएटर परत चढवला. त्याच्याबरोबर अर्थातच मूळचं श्राउड आणि मूळचे पंखे.

इथे एक गोष्ट सापडली, सगळ्यांनी तपासावी, दोन सेकंदांचं काम आहे. एसीचं बटण दाबलं की दोन्ही पंखे लगेच स्लो स्पीडवर फिरायला पाहिजेत. माझा एक फिरत नव्हता, फक्त फुल्ल स्पीडला चालायचा. आतला स्लो स्पीडचा रेझिस्टर जळलेला. म्हणजे मार्चमध्ये सिग्नलला १०३ जायचं त्यात याचाही हात होता, आणि मी पंखा तपासण्याऐवजी काढून माळ्यावर टाकला होता. कुर्ल्याहून जुना पंखा, १,८००.

२६ मे

जुना रेडिएटर, धुतलेला. मूळचं श्राउड. फोम, ट्रे, नवा पंप तसेच. खंबाटकी, तीच वेळ, तीच दोन पोती.

१०१.

शिरवळला चहा पिताना हिशोब मांडला. मोठा रेडिएटर, स्लिम पंखे, भोसरीचं श्राउड मिळून ५२,०००. त्याने काय दिलं, दोन अंश. पंपाचं काम, ट्रे, फोम, थर्मोस्टॅट, जुना पंखा आणि कूलंट मिळून तीस हजारांच्या आत. पुढच्या सीटवर बायको होती, मोबाइलवर आकडे दिसले. "३१ म्हणाला होतास ना?"

ट्रॅकवर वीस मिनिटं सलग झोडपायची असेल तर मोठा कोअर लागेलही, ऑईलची उष्णतासुद्धा या इंजिनात कूलंटमध्येच येते, ती वेगळी बाहेर काढावी लागेल. मी वर्षातून एकदा कोइंबतूरला जाईन जाईन म्हणतो आणि जात नाही.

९ जून

पाऊस आला. नवले पुलावर पाऊण तास अडकलो, ९४ ते ९७, पंखे लागतायत, बंद होतायत, शहाण्यासारखे. घरी आल्यावर टाकीखालच्या होजच्या क्लिपपाशी गुलाबी डाग दिसला, क्लिप अर्धा आटा कसली, उद्या सकाळी परत बघायचं. मोठा रेडिएटर माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. एकाने पंधरा हजारांना मागितला. गळतो हे सांगितल्यावर म्हणाला, "कुठून?" म्हटलं खालून. विचार करून सांगतो म्हणालाय.